बिनपगारी रजा

अर्जात कारणाचा रकाना होता.
आजार? नाही. बाळंतपण? आता कुठलं.
मी लिहिलं, 'समुद्र बघायचा आहे',
मग ते खोडून, 'घरगुती'.
मेट्रनबाईंनी चष्म्यावरून बघितलं.
शालन, वर्षभर? पगाराविना?
आणि सही करता करता, हळूच,
वेंगुर्ल्यापर्यंत गेलीस तर काजूगर आण गं.

दापोलीहून एसटीने दाभोळ.
खाडीकाठी हमीदाबी परकारांची माडीवरची खोली,
दिवसाला पाचशे, जेवण धरून.
वहीत नावाच्या जागी हात आपसूक
'सिस्टर' लिहून गेला.
एकोणीस वर्षं मिरजेत
हाक तरी दुसरी कुठली होती मला?
तुम्ही काय करता, त्यांनी विचारलं.
ऑफिसात असते, म्हटलं.

पहिल्या रात्री दोनला जाग आली.
दोनला पाच नंबरची सलाईन बदलायची असते.
इथे पाच नंबर नव्हता,
खिडकीखाली पाणी होतं,
कुणी न लावता, कुणी न मोजता
आपलं आपण चढणारं.
छातीवरचं उलटं घड्याळ पिशवीत तळाशी,
कपड्यांखालूनही ऐकू येत होतं.

सकाळी हमीदाबी म्हणाल्या,
आज भरती मोठी आहे.
पोटात गोळा आला. किती, तोंडातून गेलंच.
किती म्हणजे? त्या तिसऱ्या पायरीपर्यंत येईल.

मी फेरीबोटीत बसते.
धोपाव्याला जाते, न उतरता परत येते.
तिकीट फाडणाऱ्या पोराच्या मनगटावर
शीर कशी, सुतळीसारखी, डोळे मिटून सापडेल अशी.
कवलापूरच्या त्या बाळाला
मी चार वेळा टोचलं होतं.
पाचव्यांदा टोचावं लागलं नाही.
बाई, सुट्टे नाहीत का, पोरगा विचारतो.
आहेत, आहेत.

तीन दिवस हमीदाबींचे पाय
मी बघत होते आणि बघत नव्हते.
चपलेत न मावणारी बोटं.
जिना चढून आल्या की दार धरून उभ्या राहणं,
आणि मग म्हणणं, हवाच पडलीय आज.
चौथ्या दिवशी सांदणं वाढायला वाकल्या
तेव्हा मी खाली बसले
आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला.
खड्डा पडला. तसाच राहिला.
ओहोटीच्या वाळूतून पाऊल उचललं
की हळूहळू भरून येतं ना,
हा त्याहून हळू.

त्या पायाकडे बघत नव्हत्या.
तू ऑफिसात नाहीस.
नाही.
वाटलंच. ताटं उचलताना तू आधी बघतेस,
कोण किती जेवलं.

चिठ्ठी लिहून दिली.
दापोलीचा सरकारी दवाखाना, लघवी, रक्त, छातीची पट्टी.
मीठ कमी.
त्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या,
खिडकीबाहेर बोट करून म्हणाल्या,
ह्याला सांग.
चिठ्ठीखाली मी सही केली, पूर्ण नावाची,
आणि सवयीने वेळही टाकली. १.४०.

दुसऱ्या दिवशी निघाले.
गेल्या का त्या दापोलीला, मला कळणार नाही.
वॉर्डातून घरी गेलेलंही कोण कळवतं?
दारात आम्ही प्रत्येकाला सांगतो,
परत येऊ नका हं.
तेच मायेने सांगायचं असतं.
हमीदाबी धक्क्यापर्यंत आल्या, मधे दोनदा थांबून.
म्हणाल्या, परत ये.

काय उत्तर द्यायचं असतं याला,
कुणी शिकवलं नव्हतं.

धोपाव्याला या वेळी उतरले.
गुहागरची गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी.
अकरा महिने, चोवीस दिवस शिल्लक.
खिडकीची जागा धरली
आणि कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं तेव्हा
बोर्ड वाचायला मान वर केली.