उकार फुकट

तीनशे बारा पानांची कादंबरी,
तिच्यात कुमुद सात वाक्यं बोलते.
मी पेन्सिलीनं खुणा करत मोजली.
त्यातली दोन नुसती ‘नको’,
एक ‘दिवे लागले’.

बाकी सगळा मार्तंड.
भांडीबाजारात ओट्यावर बसून नावं घालणारा मार्तंड,
मांडीत घागर, हातात टोचा.
गिऱ्हाइकाचं नाव गळ्याशी, चारचौघांत दिसेल असं,
आणि बुडाला, जाळानं काळं होणाऱ्या जागी,
तिचं. न विचारता. बावीस वर्षं.
पंचवटीपासून देवळालीपर्यंत
जिथं चूल तिथं कुमुद.

सतराव्या वर्षी हे वाचून मी रात्रभर जागी होते.
पहाटे घरातली सगळी भांडी उलटी करून पाहिली:
आजोबांचं नाव, मामांचं नाव,
‘श्री. अमुक यांजकडून सप्रेम’.
बाईचं एकही नाही.
वाटलं, कुणीतरी वेडं व्हावं. एवढं तरी.

आता चाळिशीत, कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये
मी तिची पटकथा लिहिते आहे.
लेखकानं अकरा पानं त्याचं वाट पाहणं लिहिलंय.
मी लिहिते: ‘बाह्य. घाट. संध्याकाळ. मार्तंड उभा.’
हर्षद म्हणतो, छान. किती सेकंद?
निर्माते म्हणतात, द्राक्षबागांवरून ड्रोन फिरवू.
मी म्हणते, गोष्ट भांडीबाजारातली आहे.
ते म्हणतात, मग गाणं तरी बागेत.

चाळीस भांडी लागणार होती.
भद्रकालीच्या तौसीफनं मोडीतून निवडून आणली,
नाव घालायला आम्ही दोघं गेलो.
आता टोचा नाही, वायरीचं मशीन आहे, झर्र.
चष्मा कपाळावर सरकवून म्हातारा म्हणाला,
‘लग्न का? पोरीचं नाव कुमुद?’
नाही हो, सिनेमा.
‘बरं. अक्षराला पाच रुपये. उकार फुकट.’

प्रसंग सत्तेचाळीस.
लग्न होऊन कुमुद सिन्नरला गेली आहे.
परक्या घरी हळदीकुंकू, फराळ झालेला,
हाताला हात म्हणून ती भांडी विसळते,
पालथी घालते,
आणि दिसतं.
कादंबरीत पुढं एकच वाक्य: ‘ती लाजली.’

शलाका तांब्या हातात धरून थांबली.
‘लाजली की भ्याली?’
कुणीच बोलेना.
‘म्हणजे बघा ना, शेजारणीकडं हे.
नणंदेकडं हे. नवऱ्यानं पाण्याचा हंडा उतरवला, हे.
आणि तो कुठं दिसत तर नाही.
ओरडायचं कुणावर?’

उत्तर सापडेल म्हणून मी कादंबरी उघडली.
पान दोनशे साठ. समासात गुलाबी शाईत,
माझ्याच सतराव्या वर्षाचं,
‘वा!’

तो शॉट नऊ वेळा घेतला.
नवव्या वेळी ती लाजली नाही, भ्यालीही नाही.
ओल्या पदरानं नाव पुसलं,
पुसलं जाणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखं,
आणि त्यावर दुसरं भांडं पालथं घातलं.
हर्षद ‘कट’ म्हणायला विसरला.
तिच्यासाठी आठवं वाक्य लिहून ठेवलं होतं मी.
ते तसंच खिशात राहिलं.

चित्रीकरण संपलं. एकोणचाळीस भांडी
तौसीफनं परत मोडीत घातली, किलोच्या भावानं.
‘सगळी वितळवत नाहीत मॅडम,’ तो म्हणाला,
‘बरी असतील ती कल्हई करून विकतात.’
म्हणजे उद्या सिडकोत, सातपूरला,
कुणाच्या तरी ओट्यावर…
मी हिशेब सोडून दिला.

चाळीसावा तांब्या घरी आणला.
आईनं चिंच लावून घासला, उलटा केला,
डोळ्यांशी नेऊन बूड वाचलं.
‘कुणाचा तरी राहिलाय गं आपल्याकडं,’ म्हणाली,
‘देऊन ये.’