बुचांचे डबे

शेल्फवर सतरा डबे होते बुचांचे,
सतरा रंग.
बूच बघून चव ओळखायची, ही बाबांची रीत.
बाबांच्या वेळी डबे तीन होते.

बाकीचे चौदा माझे.
अननस आणला, मयेच्या जत्रेत खपला म्हणून.
ब्लूबेरी आणली. डिचोलीत ब्लूबेरी कोणी पाहिलीय?
पण बेळगावचा एजंट म्हणाला, निळा रंग पोरांना ओढतो.
मग बर्फ. मग वीस लिटरचं पाणी.
मग आइस्क्रीमचा फ्रीज, तो कंपनीचा,
वीज आमची.
कोणी विचारलं, अमुक आहे का,
की मी म्हणायचे, आहे,
आणि दुसऱ्या दिवसापासून ते असायचं.

तीन वर्षं विक्रीचा आकडा तिथेच,
खाणी थांबल्यावर गाळात बसलेल्या बार्जसारखा:
भरती येते, पाणी चढतं, बार्ज उठत नाही.
मी आणखी माल चढवत राहिले.

सत्यवती बाटल्या धुते, अठ्ठावीस वर्षं.
एका बुधवारी, बाजार भरलेला, मशीन बंद,
जांभूळ संपवून संत्रं लावायचं म्हणून,
ती हात न थांबवता म्हणाली,
"बाय, आमी सोडो उणो आनी पायपांच चड धुतांव."

हसले. मग खडू घेतला.
दिवसात सहा वेळा चव बदलते,
एका बदलाला चाळीस मिनिटं.
आठांतले चार तास
आम्ही अननसाचा वास घालवत होतो.

वजाबाकी कागदावर सोपी असते.
बर्फाची गाडी विकली. गुणो आता
अस्नोड्याच्या शाळेची बस चालवतो,
दारावरून जाताना हॉर्न वाजवतो, थांबत नाही.
बडीशेप सोडा घ्यायला मुळगावहून यायचे इनास मास्तर,
दर शनिवारी, एक बाटली, पोटासाठी.
शेवटचा क्रेट त्यांना तसाच दिला.
ते म्हणाले, "आणि पुढल्या शनिवारी
बाजारात यायला मी कारण काय काढू?"
वहीत याला रकाना नव्हता.

एजंटचा फोन: ताई, लोक धंदा वाढवतात, तुम्ही हे काय?
मी म्हटलं, हो.
काउंटरवर एका पोराने निळा मागितला.
नाही, म्हटलं.
नाकातून झिणझिण्या निघाल्या,
लहानपणी पहिला घोट घेतला होता तशा.

लिंबू, आलं, साधा.
चौथ्या महिन्यात बावीस क्रेट जास्त गेले.
बावीसच. पण बार्जखाली
काहीतरी हललं, ते मला पायात कळलं.

तीन वाजता सत्यवती पायरीवर बसते हल्ली.
हात कोरडे. ते कुठे ठेवावेत तिला समजत नाही,
मांडीवर ठेवते, उचलते, परत ठेवते.
रिकामे डबे तिनेच नेले घरी:
एकात मीठ, एकात उकडे तांदूळ, दोघांत अबोलीची रोपं,
बाकीच्यांचं विचारलं नाही.

निळा डबा मात्र माझ्याकडे आहे, टेबलाखाली.
तळाशी थोडी बुचं उरलीत.
कोणी येऊन विचारतं, अमुक आहे का,
आणि जीभ "आहे"कडे सरकते,
तेव्हा पायाने हलकेच ढकलते त्याला.
खुळखुळतो.