दुसऱ्या पानावर

विश्रामबागेत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
पियूष कोळेकरचं ऑफिस.
वय सव्वीस. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
त्यानं माझं नाव टाइप केलं,
स्पेलिंग न विचारता.

भूपाल मगदूम सांगली हळद.

पहिल्याच ओळीला मी.
म्हणजे मी नव्हे, माझ्या गोदामाचं शटर,
त्याच्यासमोर दोन इन्स्पेक्टर,
आणि मथळा: भेसळीचा संशय, साडेतीनशे पोती जप्त.
बारा वर्षांपूर्वीची बातमी,
शाई अजून हाताला लागेल अशी.

खाली कुणीतरी एक तारा दिलाय.
एकच. आणि लिहिलंय, घेऊ नका.

काका, पुसता नाही येत, पियूष म्हणाला,
खाली ढकलता येतं.
तुमच्यावर चांगलं चांगलं लिहू,
रक्तदान शिबिर, हळदीचे फायदे,
नातवाचं बारसंसुद्धा चालेल.
सहा महिन्यांत ही बातमी दुसऱ्या पानावर.
आणि दुसऱ्या पानावर जातंय कोण?

मी हसलो. त्याला वाटलं, पटलं.

अरे, मी हरिपूरचा.
आमच्या अख्ख्या गावाच्या पोटात पेवं होती.
माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड,
तळाला पाचट, वर हळद, वर पुन्हा पाचट,
मग माती, आणि मातीवरून बैलगाड्या.
चार-चार वर्षं कुणी बघायचं नाही.
उघडलं की हळद आणखी पिवळी.
कीड नाही, काही नाही.
पुरलेलं टिकतं,
हे तू मला सांगणार?

उघडायच्या दिवशी वडील आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.
कोंडलेली हवा माणूस खाते म्हणायचे.

कोर्टानं सोडलं मला.
नमुन्याच्या बाटलीचं सील तुटलेलं निघालं.
ते कुणी छापलं नाही.
लेक म्हणते, अप्पा, तेच वर आणू, निर्दोष मुक्तता,
जर्मनीचं गिऱ्हाईक नाव शोधून गप्प झालंय.
तिचं बरोबर आहे. मालही आता तिचा, चोख.

पण बाटलीत काय होतं,
ते कोर्टानं विचारलंच नाही.

त्या साली हळद फिकी आली होती.
पॉलिशच्या ढोलात एक पुडी पडली,
फक्त एक, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.
चाळीस पोती. साडेतीनशे नव्हे.
बातमी खोटी आहे,
तीनशे दहा पोत्यांनी.

चाळीसातली बारा छाप्याआधीच गेली होती.

दरवर्षी क्षमावाणीला मी मेसेज पाठवतो,
कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.
जोडलेले हात, कमळाचं चित्र, चारशे नंबर.
ती बारा पोती ज्यांच्या आमटीत उतरली
त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत.
एक असेल कदाचित. एक तारावाला.

म्हटलं, पियूष, त्याच्याखाली उत्तर देता येतं?
येतं की. मी मजकूर देतो,
आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, ग्राहक आमचं दैवत.
नको. आकडा लिहायचाय.
कसला आकडा?
चाळीस.

त्यानं हात कीबोर्डवरून उचलले.
काका, असं कुणी लिहीत नाही.
माझं पॅकेज वाया जाईल.

सौदा रुमालाखाली व्हायचा आमच्याकडे,
बोटं धरून, तोंडातून शब्द नाही.
तसे आम्ही दोघे बसून राहिलो.
खालून खारीचा वास येत होता.

बराच वेळ कुणी हात लावला नाही
म्हणून स्क्रीन विझली.

काळ्या काचेत माझं तोंड दिसलं,
पेवात डोकावताना वडिलांचं दिसायचं तसं.
ते दोर ओढून घ्यायचे, म्हणायचे, आज नको.

मी हात पुढे केला
आणि माउस हलवला.