खोरोगच्या तिकीटखिडकीतून

माझं काम सोपं आहे: लोकांना "आज नाही" म्हणणं.
खिंडीत ढग बसलेत, आज नाही.
वारा उलटा आहे, आज नाही.
सतरा जागांचं विमान; यादी माझ्या हातची,
पेन्सिलीने लिहिलेली,
कारण नावं खोडावी लागतात.

इथून दुशान्बे हवेतून पावणेतीनशे किलोमीटर,
रस्त्याने सहाशेच्या आसपास.
मधला फरक डोंगरांचा,
आणि त्या फरकावर आमचं घर चाललं.
बाबा, नेककदम, बावीस वर्षं जीप हाकत होते.
माझ्या खिडकीवरून माघारी वळलेलं गिऱ्हाईक
फाटकाबाहेर त्यांना आयतं मिळायचं.
"तुझं नाही ते माझं हो," म्हणायचे.

मग त्यांच्या उजव्या डोळ्यात दूध उतरलं,
डावा तर आधीच धूसर.
त्या मंगळवारी यादीत एक नाव मी शाईने लिहिलं.

विमानात ते काचेला कपाळ लावून बसले.
"रस्ता कुठाय?"
खाली पंज नदी, कुणाच्या तरी शिवणातून सुटलेला दोरा.
कलाई-खुमचा चहावाला दिसेना,
जिथे अ‍ॅक्सल तुटून
नवरीसकट अख्खं वऱ्हाड रात्रभर शेकोटीशी बसलं होतं
ते वळणही नाही.
पन्नास मिनिटांत उतरलो.
"अर्ध्याहून जास्त वाट कापून ठेवली," बाबा म्हणाले,
"आणि शिलाई वर जास्त. असा शिंपी पाहिला नाही."

परतताना दुशान्बेच्या खिडकीतली बाई
मान वर न करता म्हणाली: आज नाही.
मला तिचा राग आला. मग हसू.

जीप अकोबीर नावाच्या पोराची.
बाबा पुढच्या सीटवर, डोळ्याला पट्टी,
पाय नसलेला ब्रेक दाबणारा.
"आता डावीकडे कडा. आता पाणी रस्त्यावर येईल."
आलं.
मी मागे, मांडीवर औषधांचा डबा,
रात्र, जर्दाळूच्या बिया फोडण्याचा आवाज,
पहाट.

वंजच्या पुढे नदी अंग चोरते.
दगड भिरकावला तर दुसऱ्या देशात पडेल.
तिथे पलीकडच्या पायवाटेवर एक माणूस असतो, गाढवासोबत.
बावीस वर्षं बाबांनी हॉर्न दिला, त्याने हात केला.
नाव माहीत नाही. पूल नाही.
साठ मीटर असेल, किंवा
माझ्या कुठल्याच कोष्टकात नसलेलं काही.

"हॉर्न दे," बाबा म्हणाले.
अकोबीरने दिला.
"हलला का हात?"

गाढव तेच होतं, कान फाटलेलं.
सोबत एक दहाएक वर्षांचा मुलगा,
एकटाच.
त्याने हात वर केला,
आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"हलला," मी म्हटलं.
बाबांनी काच खाली केली
आणि थंडीत हात बाहेर काढून ठेवला,
पुढच्या वळणापर्यंत.