शिवण

माझ्या पोटावर एक आडवी रेघ आहे,
परकराच्या नाडीखाली, साडेचार इंच.
रेवा तिला ‘माझं दार’ म्हणते.
परवा आत्याबाईंनी चष्मा लावून ती बघितली,
अंगठा फिरवला,
सुभाषनगरातल्या आमच्या ओट्यावर
चपलेच्या तळावरून फिरवतात तसा,
आणि म्हणाल्या,
‘‘एकदा टोचल्याली जागा ही.
पुन्यांदा ताण दिला की चामडं उसवतंय.’’

चामडं मेलेलं असतं, आत्याबाई.
हे मी मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, चहा टाकू?

नेजदार डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर आकडे मांडले.
शंभरातल्या सत्तरेक जणींना जमतं.
दोनशेत एखादीची जुनी शिवण उकलते.
‘‘एखादी म्हणजे कोण?’’ सुहासनं विचारलं,
आणि आपणच खाली बघितलं.
रात्री मी दोनशे बायका मोजायला घेतल्या:
गल्लीतल्या, माहेरच्या कागलातल्या,
बचत गटातल्या,
अंगणवाडीच्या दारात छत्री मिटून उभ्या राहणाऱ्या.
एकशे बारावर नावं संपली.
एकीच्याही नावावर बोट ठेववेना.

मागच्या खेपेला रात्री दोनला
ठोके उतरायला लागले. माझे नव्हे, तिचे.
मग हिरवं कापड,
कमरेखाली कुणा दुसरीचंच अंग,
आणि भूल देणारे डॉक्टर
म्हशीच्या दुधाच्या भावावर बोलत होते.
एक ओला गाल माझ्या गालाला लागला
आणि लगेच कुठंतरी नेला.
हरले वगैरे नव्हते मी,
शर्यत कुणी लावली होती?
तरी बारशाला चुलतजाऊ म्हणालीच,
‘‘बरं झालं बाई, कळा वाचल्या तुझ्या.’’
त्या वाचलेल्या कळा
कुठं ठेवल्यात, मला अजून सापडत नाहीत.

आणि यावेळी रेवाला
तिसऱ्या दिवशी कडेवर घ्यायचंय मला.
एवढंसंच कारण.
डॉक्टरांना सांगताना लाज वाटली.

आत्याबाई चारचौघीत नेहमी सांगतात,
चार बाळंतपणं ह्याच घरात, चुलीमागं,
दवाखान्याची पायरी न्हाई बघितली.
मी कधी हिशेब केला नव्हता:
बाळंतपणं चार, लेकरं तीन.

काल वाद्या सोलता सोलता त्याच बोलल्या,
मान वर न करता.
‘‘सुहासच्या आदी एक हुता.
दोन दिस अडला. सुईण म्हणली, सोस.
सोसलं की.
कुणी कापलं असतं तर
आज रिक्षा चालवत असता,
न्हाईतर दारू पीत असता.
पर असता.’’

रापी खाली ठेवली.
मग पुन्हा माझ्या रेघेवर अंगठा, ह्या वेळी हलका.
‘‘बरी शिवलीया. कुणी का शिवंना.’’
काय कर, ते सांगितलं नाही.

सकाळी राजारामपुरीत जाऊन मीच सांगितलं:
कळांची वाट बघेन.
पण इथंच, शेजारचं थिएटर तयार ठेवून.
ठोके उतरले तर विचारत बसू नका, कापा.
बाई म्हणाल्या, ‘‘विचारणार. तरीही.’’
ते मला आवडलं.
सहीला पेन उमटेना,
तीनदा गिरवून नाव पुरं झालं.

सुहास काल मध्यरात्री
रिकाम्या रस्त्यानं गाडी नेऊन आला:
नऊ मिनिटं,
सिग्नलला लाल नसेल तर.
असला तरी थांबणार नाही म्हणतो.
मी म्हटलं, थांब. घाईत काही होऊ नये.

ओट्यावरच्या खिळ्याला
दोन एवढेएवढे तळ लटकतायत,
माझ्या अंगठ्याहून जरा मोठे.
पट्टे कापून झालेत, वेणी विणून झालीय.
‘‘शिवून टाका की,’’ मी म्हटलं.
आत्याबाईंनी दोरा दातानं तोडला,
‘‘ऱ्हाऊ दे.
आदी पाय तर बगू.’’