शटरची हजेरी

तपकीर गल्लीत इक्बाल तांबोळी म्हणाला होता,
अंगाला भुलू नकोस. अंग पुसता येतं.
आकडा विचार.

म्हणून कर्वे रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
लोणकरांच्या पुढच्या खोलीत
मी आधी अंगच बघतो.
रबर घट्ट. डायलवरची अक्षरं शाबूत.
पट्टा इतका कडक, की कुणाच्या मानेचा घाम
त्याने कधी चाखलेला नसावा.
फक्त बुडाशी, स्टँडच्या स्क्रूभोवती
एक गोल, झिजून चकचकीत.

"कुठे नेलाच नाही हो," लोणकर म्हणतात.
"इथून तिथे."
तिथे म्हणजे गॅलरीच्या कठड्यापाशी,
जिथून मेट्रोचा एक खांब दिसतो.
एकच.
बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ओव्हरसियर,
सगळे पूल घरापासून लांब;
हा पहिलाच दारात आला.
तीन वर्षं, सकाळी सात ते संध्याकाळी सात,
दर पाच मिनिटांनी एक फोटो,
खड्ड्यापासून थेट गर्डरपर्यंत.
"दिवाळीत पण?"
"दिवाळीत मजूर नव्हते. खांब होता ना."

मी पांढऱ्या भिंतीचा एक काढतो, धूळ बघायला.
वरच्या कोपऱ्यात दोन ठिपके, मुंगीच्या डोक्याएवढे.
तोच फोटो लॅपटॉपवर टाकला
की त्याच्या पोटातून आकडा निघतो:
एक लाख सत्तावन्न हजार तीनशे तेरा.
कंपनीने आयुष्य लिहिलंय दीड लाख.
पुढचं सगळं वरकड.

लोणकर चष्मा लावतात. कपाटातून
लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर काढतात.
शेवटच्या पानावर, शाईत, दोनदा अधोरेखित:
एक लाख सत्तावन्न हजार तीनशे नऊ.
"चार जास्त आहेत."
एक माझा, भिंतीचा.
"मग तीन."
पानं मागे, अजून मागे.
किमतीचं बोलणं बाजूला राहतं,
माझ्या चहावर साय धरते.

"दोन माझे,"
आतून, कुकरच्या शिटीआडून, कुमुदताई.
"तुम्ही खुर्चीत झोपला होतात,
तोंड उघडं, पेन्सिल कानावर.
म्हटलं बघावं, दाबल्यावर काय होतं.
दोन्ही हलले. पुसून टाकले."

लोणकर रजिस्टरवर बोट ठेवूनच आहेत.
"कुठल्या तारखेला?"
"अशाची तारीख कोण लिहून ठेवतं?"

त्या खांबावरून गाडी जाते.
कपाटातली काचेची भांडी किंचित बोलतात.
मी कॅमेरा कानाशी धरून एकदाच दाबतो.
कोरडा आवाज, अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा.
"चौदा," लोणकर म्हणतात, आणि लिहून घेतात.

अठराचे साडेचौदा ठरतात.
कडक पट्टा घडी पडत नाही, तरी ते घालतात.
मी जिना अर्धा उतरलोय,
वर अजून चालूच आहे:
"आणि तिसरा, कुमुद?
तिसरा कुणाचा?"