गोडं पाणी

टाकीवर ती बोटांच्या पेरांनी ठोकते,
वरून खाली,
बाजारात आपण कलिंगड ठोकून बघतो तशी.
पोकळ. पोकळ. पोकळ.
कमरेच्या जरा खाली आवाज बसतो.
तिथं कोळशाची रेघ ओढते कालोलाइने.
कालची रेघ वीतभर वर आहे.

ती काही बोलत नाही.
मी केसांना टॉवेल गुंडाळून उभी.
शाम्पूचा वास
माझा मलाच येतोय.

टोंगाच्या नकाशावर हे बेट
माशी बसून उडून गेल्यासारखं.
शनिवारी बोटीनं सोडलं, शुक्रवारी नेणार,
‘देवाच्या आणि इंजिनाच्या मनात असेल तर’,
असं नावाडी सेफिता म्हणाला होता.
दुसऱ्या दिवशी पोहायला निघाले
तर वाटेत पेनी आडवा, वय वर्षं सात:
आज रविवार. आज समुद्राला सुट्टी.

मग चटईवर बसले चर्चमध्ये, मागच्या रांगेत.
उणीपुरी चाळीस माणसं,
पण गायला लागली तेव्हा छपराचा पत्रा थरथरला.
मला एक शब्द कळला नाही.
पायाला मुंग्या आल्या, तरी हलले नाही.
दुपारी जमिनीतल्या भट्टीतून निघाली
अळूच्या पानांची पुरचुंडी, आत नारळाचं दूध, डब्यातलं मांस.
म्हटलं, आमच्याकडे याच पानांना बेसन फासतात,
गुंडाळून उकडतात, मग तळतात.
कालोलाइनेला हे खोटं वाटलं.
एवढा खटाटोप पानासाठी?

ओहोटीला डुकरं उतरतात खडकांवर,
गुडघाभर पाण्यात शिंपले उकरतात.
त्यांच्या पाठीवर मीठ वाळलेलं.
माझ्याही भुवयांवर आता तसंच.
मंगळवारपासून मी समुद्रातच न्हाते,
वर एक पेला गोडं पाणी, तोही निम्मा.

वहीत मी लिहिलं होतं: अस्पर्श बेट.
काय लिहितेस, तिनं विचारलं.
मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं:
ज्याला कुणाचा हात लागला नाही असं.
ती एवढी हसली
की तुतीची साल कुटायची थांबली.
मग हातातल्या मोगरीनं एकेक दाखवत गेली.
तो वाकडा माड: मामेसासऱ्यानं लावलेला,
वादळात आडवा झाला, जगला, वर वळला.
ती वाट: रोज मी झाडते, तू उठायच्या आत.
ते टोक, जिथं तू फोटो काढलेस,
तिथं शाळा होती.
आणि पाणी...
मोगरी टाकीकडे वळली,
अर्ध्यात थांबली,
पुन्हा सालीवर पडायला लागली.

शुक्रवारी बोट आली नाही.
शनिवारीही नाही.
रविवारी कशी येईल?
मी टाकी ठोकायला शिकले.
पेनी म्हणतो माझा हात जड आहे,
पाणी घाबरतं.
सोमवारी रात्री सर आली, जेमतेम दहा मिनिटं.
सगळं गाव जागं,
कुणी पन्हळ धरली, कुणी पातेली मांडली,
मी अंधारात एक बादली घेऊन नुसतीच उभी.
सकाळी रेघ दोन बोटं चढली होती.
कालोलाइनेनं ती मला ओढू दिली.

निघताना म्हणाली, बेटाचं नाव लिही,
ठळक लिही, येऊ देत माणसं.
ऑकलंडची लेक पाठवते दर महिन्याला,
पण दुसरी टाकी त्यात होत नाही.
मी म्हटलं, माणसं आली तर पाणी?
तिनं माझी खारट, ताठ वेणी हातात घेतली,
वजन केल्यासारखी धरली,
सोडली.
सेफिताचं इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं.

नाव मी अजून लिहिलेलं नाही.

नुकुअलोफाच्या हॉटेलात
नळाला हात घालण्याआधी
मी न्हाणीघराची भिंत ठोकून पाहिली,
वरून खाली.
भरीव होती.
तिच्यावरून काहीच कळेना.